डोमेन नामविवाद व त्यांचे निर्णयसंग्रह

डोमेन नामविवाद : इंटरनेटवरील संकेतस्थळाच्या पत्त्यात वापरलेल्या नावावर ते नाव नोंदविणारा आणि त्याच किंवा तत्सम व्यापारचिन्हाचा मालक अशा दोघांनीही हक्क सांगितल्यामुळे उद्‌भवणारा वाद. १९९४ च्या सुमारास असे वाद प्रथम उपस्थित झाले आणि १९९९ नंतर त्यांच्या निवारणासाठी एक आंतरराष्ट्रीय लवादपद्धती अस्तित्वात आली. या पद्धतीतील निवाडे कोणत्याही विधिमंडळाने केलेल्या कायद्यावर आधारलेले नाहीत. किंबहुना या क्षेत्रातील नियम प्रसिद्ध झालेल्या निवाड्यांच्या संग्रहातून व त्यांच्या वर्गीकरणातूनच हळूहळू आकारास आले. त्यामुळे हे निवाडे कोणी जमविले, कसे मोजले व कोणत्या शीर्षकाखाली लावले, या प्रश्नांना येथे केवळ ग्रंथपालनाच्या दृष्टीने नव्हे, तर हक्कांच्या दृष्टीनेही महत्त्व आहे.

वादाचे मूळ दोन व्यवस्थांमधील विसंगतीत आहे. व्यापारचिन्हावरील हक्क स्वभावतःच मर्यादित असतो. तो विशिष्ट देशापुरता आणि विशिष्ट वर्गातील माल वा सेवा यांपुरता असतो [→ व्यापारचिन्हे]. नीस येथील १९५७ च्या करारानुसार माल व सेवा यांचे वर्ग पाडण्यात आले असून २००२ पासून त्यांची संख्या ४५ आहे. यामुळे एकच नाव अनेकांना एकाच वेळी सुखाने वापरता येते. ‘लक्ष्मी’ या नावाची साड्यांची दुकाने, पिठाच्या गिरण्या आणि खाणावळी महाराष्ट्रातील गावोगाव आढळतात आणि त्यांपैकी कोणालाही दुसऱ्याचा उपसर्ग होत नाही. डोमेन नावाचे तसे नाही. ‘डॉट कॉम’ या शेपटापूर्वीचे एक नाव सबंध जगात एकालाच मिळते. त्याला देश नाही व वर्गही नाही. अनेकांच्या सामायिक नावाला एकच धनी असावा, असे संगणकाच्या सोयीने ठरविले आणि मागून कायद्याला त्याची दखल घ्यावी लागली.

ही व्यवस्था ज्यांनी रचली, त्यांच्यासमोर व्यापाराचा प्रश्नच नव्हता. प्रारंभी जोडलेल्या सर्व संगणकांची नावे स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवलेल्या एकाच यादीत असत. यादी हाताबाहेर जाऊ लागल्यावर १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी उतरंडीच्या स्वरूपाची डोमेन नामपद्धती सुचविली. १९८४ मध्ये जॉन पोस्टेल व जॉइस रेनल्ड्‌स यांनी कॉम, एज्यु, गव्ह, मिल व ऑर्ग हे सर्वसाधारण वर्ग ठरविले. १५ मार्च १९८५ रोजी सिंबॉलिक्स या संगणकनिर्मात्या कंपनीने ‘डॉट कॉम’ मधील पहिले नाव नोंदविले. नाव विनामूल्य मिळे व प्रथम मागणाऱ्यास मिळे. पोस्टेल यांनी मार्च १९९४ मधील एका टिपणात नोंदणी संस्थेचे कर्तव्य स्पष्ट केले आहे. नावावरून वाद झाल्यास उभय पक्षांना परस्परांचा पत्ता कळविणे, यापलीकडे नोंदणी संस्थेवर जबाबदारी नाही, असा त्याचा आशय आहे. हे धोरण मोजक्या विद्यापीठांच्या व प्रयोगशाळांच्या जगात पुरेसे होते.

ते जग त्याच सुमारास संपत आले होते. एमटीव्ही या संगीतवाहिनीचे निवेदक ॲडम करी यांनी १९९३ मध्ये ‘एमटीव्ही डॉट कॉम’ हे नाव स्वतःकडे नोंदविले. पुढे त्यांनी नोकरी सोडल्यावर वाहिनीने १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात त्यांच्यावर दावा लावला. तो अखेर आपसात मिटला. त्याच वर्षी जॉशुआ क्विट्‌नर या पत्रकाराने मॅकडॉनल्ड्‌स या उपाहारगृहाच्या कंपनीचे नाव अद्याप कोणी नोंदविले नसल्याचे पाहून ते स्वतःच नोंदविले आणि त्यावर लेख लिहिला. त्या नावाच्या मोबदल्यात कंपनीने ब्रुकलिनमधील एका शाळेला संगणकसामग्रीसाठी ३,५०० डॉलर दिले. प्रसंग गमतीचा असला, तरी नावाला बाजारभाव असतो हे त्यातून सर्वांना कळले.

अमेरिकेत नोंदणीचे काम १९९३ पासून नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीकडे होते. सप्टेंबर १९९५ पासून तिने दोन वर्षांसाठी १०० डॉलर शुल्क आकारण्यास प्रारंभ केला. त्यापूर्वी जुलैमध्ये तिने आपले पहिले विवादविषयक धोरण जाहीर केले. त्याचा गाभा असा : डोमेन नावाशी तंतोतंत जुळणाऱ्या नोंदणीकृत व्यापारचिन्हाचा दाखला कोणी सादर केल्यास आणि नोंदणीधारकाकडे स्वतःचा तसा दाखला नसल्यास ते नाव गोठवावे. लबाडी झाली किंवा नाही, याची चौकशी करण्याची तरतूद त्यात नव्हती. परिणामी प्रामाणिक नोंदणीधारकही अडचणीत आले. न्यू मेक्सिको राज्यातील रोडरनर या छोट्या संगणक-कंपनीकडून तिचे नाव वॉर्नर ब्रदर्सने मागितले. कारण त्याच नावाचा पक्षी तिच्या व्यंगचित्रपटांतील पात्र आहे. वास्तविक रोडरनर हा त्या प्रदेशात आढळणारा खरा पक्षी. व्यापारचिन्ह कोणत्याही देशाचे चालत असल्याने त्या कंपनीने ट्युनिशियात घाईने नोंदणी करून दाखला मिळविला आणि १९९६ मध्ये नोंदणी संस्थेवरच फिर्याद केली. वॉर्नर ब्रदर्सने पुढे आग्रह सोडल्याने फिर्याद निरर्थक ठरली. परंतु धोरणातील पळवाट सर्वांना दिसल्याने ते त्याच वर्षी बदलावे लागले.

याउलट सरळसरळ खंडणीची प्रकरणेही होती. इलिनॉय राज्यातील एका इसमाने विमान-कंपन्या, कापडविक्रेते इत्यादींची शंभरावर नावे आपल्याकडे नोंदविली. ‘पॅनाव्हिजन डॉट कॉम’ या संकेतस्थळावर त्याने पॅना या गावाची हवाई छायाचित्रे लावली आणि चित्रपटकॅमेऱ्यांच्या त्या कंपनीकडे १३,००० डॉलर मागितले. कंपनीने नकार देताच तिचे दुसरे चिन्हही त्याने नोंदविले. १९९८ मध्ये अमेरिकेच्या नवव्या मंडल-न्यायालयाने त्याच्या विरुद्ध निर्णय दिला. त्याच वर्षी इंग्लंडच्या अपील न्यायालयाने ‘वन इन अ मिल्यन’ खटल्यात मार्क्स अँड स्पेन्सर, सेन्सबरी आदींची नावे साठविणाऱ्यांना मनाई केली. अशी नावे ही फसवणुकीची हत्यारे होत, असे त्या न्यायालयाचे मत पडले.

विवादांची पद्धतशीर नोंद करण्याचा उल्लेखनीय प्रयत्न याच काळातला आहे. सिरॅक्यूझ विद्यापीठातील मिल्टन म्यूलर यांनी तोवर उजेडात आलेली शंभरावर प्रकरणे जमवून त्यांचे चार गट पाडले : खरे चिन्होल्लंघन, नावांची साठेबाजी, निव्वळ अक्षरसाम्याने झालेला संघर्ष आणि विडंबन वा अडवणूक यांसाठी घेतलेली नावे. या वर्गीकरणाचे मोल असे, की ‘नावांची चोरी’ या एका सरसकट शब्दाखाली अगदी भिन्न गोष्टी येत असल्याचे त्यामुळे दिसून आले. ज्या प्रकारात दोन्ही बाजू निर्दोष असतात, तो अक्षरसाम्याचा गट मुळीच लहान नव्हता. पुढे झालेल्या नियमांत या भेदाची पुरेशी दखल घेतली गेली किंवा नाही, याविषयी अद्याप मतभेद आहेत.

सप्टेंबर १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात इंटरनेट कॉर्पोरेशन फॉर असाइन्ड नेम्स अँड नंबर्स (संक्षेपाने आयकॅन) ही संस्था स्थापन झाली. जिनीव्हा येथील जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने (वायपोने) एप्रिल १९९९ मध्ये सादर केलेल्या अहवालाच्या आधारे आयकॅनने ऑगस्टमध्ये एकरूप विवादनिवारण धोरण स्वीकारले. डॉट कॉम, डॉट नेट इत्यादींत नाव नोंदविणाऱ्या प्रत्येकाला ते करारानेच मान्य करावे लागते. तक्रारदाराने तीन गोष्टी सिद्ध करावयाच्या असतात : नाव त्याच्या व्यापारचिन्हासारखेच किंवा भ्रामक साधर्म्य असलेले आहे, नोंदणीधारकाचा त्यावर कोणताही हक्क वा न्याय्य हितसंबंध नाही, आणि ते अप्रामाणिक हेतूने नोंदविले व वापरलेही आहे. साक्षीपुरावे व उलटतपासणी नसते. कागदपत्रांवरून एक किंवा तीन सदस्यांचे मंडळ निर्णय देते. प्रतिवादीला उत्तरासाठी २० दिवस मिळतात. नुकसानभरपाई देता येत नाही. नाव रद्द करणे किंवा तक्रारदाराकडे सोपविणे एवढेच करता येते. निर्णयानंतर कामकाजाच्या दहा दिवसांत पराभूत पक्ष न्यायालयात गेल्यास अंमलबजावणी थांबते.

पहिली तक्रार २ डिसेंबर १९९९ रोजी वायपोकडे दाखल झाली. ती अमेरिकन मल्लयुद्ध-कंपनीची होती. तिच्या नावाचे डोमेन नोंदवून अवघ्या तीन दिवसांनी ते १,००० डॉलरना विकण्याची तयारी नोंदणीधारकाने दाखविली होती. १४ जानेवारी २००० रोजी निवाडा तिच्या बाजूने झाला. त्या एका वर्षात वायपोकडे १,८५७ तक्रारी आल्या. याच सुमारास (नोव्हेंबर १९९९) अमेरिकेने स्वतंत्र कायदा करून प्रत्येक नावामागे १,००० ते १,००,००० डॉलर भरपाईची तरतूद केली. परंतु वेळ व खर्च यांच्या दृष्टीने बहुतेकांनी लवादाचाच मार्ग पतकरला.

निर्णयांचे प्रकाशन व सूचिकार्य : धोरणातील एका साध्या कलमाने या विषयाच्या अभ्यासाला दिशा दिली. अपवादात्मक प्रसंग सोडल्यास सर्व निवाडे इंटरनेटवर संपूर्ण प्रसिद्ध केले पाहिजेत, असे ते कलम आहे. व्यापारी लवादांचे कामकाज सामान्यतः गुप्त असते. येथे मात्र प्रथमच हजारो निवाडे कोणालाही वाचावयास मिळाले. वायपोच्या निवाड्यांना ‘डी’ हे अक्षर, वर्ष आणि अनुक्रमांक असे क्रमांक देण्यात आले. वायपोखेरीज अमेरिकेतील नॅशनल आर्बिट्रेशन फोरम, कॅनडातील ई-रिझोल्यूशन इ. संस्थांनाही आयकॅनने मान्यता दिली होती. त्या प्रत्येकीची क्रमांकपद्धती व शोधसोय निराळी असल्याने संशोधकाला एका प्रश्नासाठी अनेक दालने धुंडाळावी लागत. हार्व्हर्ड विद्यापीठातील बर्कमन केंद्राने मुद्देवार निर्णयमार्गदर्शिका तयार केली, तर वायपोने स्वतःच्या निवाड्यांची विषयवार सूची काढली. या सूचीत एकीकडे व्यवसायक्षेत्रे व दुसरीकडे कायद्याचे मुद्दे अशी दुहेरी मांडणी आहे. त्यामुळे, उदा., बँकांची नावे किंवा शुद्धलेखनात मुद्दाम केलेले फेरफार यांवरील निवाडे एकत्र पाहता येतात.

हे साहित्य हाती येताच त्याची मोजदाद सुरू झाली. म्यूलर यांनी २००० मध्ये व ओटावा विद्यापीठातील मायकेल गाइस्ट यांनी २००१ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. लवाद-संस्थेची निवड तक्रारदार करतो. साहजिकच जेथे तक्रारदार अधिक जिंकतात, तिकडे तक्रारींचा ओघ जातो, असा म्यूलर यांचा आक्षेप होता. गाइस्ट यांना असे आढळले, की एकसदस्य मंडळापुढे तक्रारदार सु. ८३ टक्के प्रकरणांत विजयी होतात. तीन सदस्यांपुढे हे प्रमाण सु. ६० टक्क्यांवर येते. एकसदस्य मंडळातील व्यक्ती लवाद-संस्था स्वतः नेमते, हे लक्षात घेता या आकड्यांमुळे खळबळ उडाली. आंतरराष्ट्रीय व्यापारचिन्ह संघटनेने २००२ मध्ये गाइस्ट यांच्या विवेचनाला प्रत्युत्तर दिले. धोरणाच्या समर्थकांचा युक्तिवाद असा, की पुष्कळ प्रतिवादी उत्तरच देत नाहीत आणि अशी एकतर्फी प्रकरणे एका सदस्यापुढेच जातात. त्यामुळे दोन आकड्यांची तुलना सरळ होत नाही. हा युक्तिवाद दुर्लक्षणीय नाही. परंतु त्याने सर्व शंका फिटत नाहीत. ज्याच्याकडे तक्रारी कमी येत होत्या आणि प्रतिवादी तुलनेने अधिक जिंकत होते, त्या ई-रिझोल्यूशनने नोव्हेंबर २००१ मध्ये काम थांबविले, ही वस्तुस्थिती उरतेच.

निवाड्यांतील परस्परविरोधही संग्रहामुळेच उघड झाले. दोन सदस्यांनी एकाच प्रश्नाची दोन उत्तरे द्यावीत, याला अटकाव नव्हता. कारण पूर्वीचा निर्णय बंधनकारक नसून वर अपील-मंडळही नाही. वॉलमार्टच्या नावाला निंदाव्यंजक शब्द जोडून केलेल्या दोन नावांबाबत एकाच वर्षी (२०००) विरुद्ध निर्णय झाले. ‘क्रू’ हा इंग्रजीतील नित्याचा शब्द. ‘क्रू डॉट कॉम’ हे नाव दोन विरुद्ध एक मताने जे. क्रू या वस्त्रविक्रेत्या कंपनीला मिळाले. अभिनेत्री ज्युलिया रॉबर्ट्‌स यांना आपले नाव परत मिळाले. गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांना २००१ मध्ये मिळाले नाही. नुसते नाव अडवून ठेवणे व त्याचा कसलाही उपयोग न करणे हा ‘वापर’ होतो काय, या प्रश्नावर मात्र फेब्रुवारी २००० मधील टेल्‌स्ट्रा प्रकरणातील होकारार्थी विवेचन पुढे सर्वत्र उद्‌धृत होऊ लागले.

ही विस्कळित अवस्था पाहून वायपोने २००५ मध्ये निवाड्यांतील सर्वसाधारण मतांचा गोषवारा प्रसिद्ध केला. त्याच्या सुधारित आवृत्त्या २०११ व २०१७ मध्ये निघाल्या. प्रत्येक मुद्द्यावर प्रस्थापित मत कोणते व त्याचे आधारभूत निवाडे कोणते, हे त्यात दिलेले असते. गोषवारा बंधनकारक नाही, असे म्हटलेले असले, तरी मंडळाचे सदस्य त्याचा आधार वारंवार घेतात. अशा रीतीने एका सूचीला जवळजवळ संहितेचे स्थान आले. यातून निर्णयांत सुसंगती आली, हा लाभ मोठाच. पण अल्पमतातील निवाडे त्यामुळे मागे पडतात, हेही खरे.

भारतातील घडामोडी : भारतात प्रारंभीचे वाद न्यायालयांतच झाले. फेब्रुवारी १९९९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘याहू इंडिया डॉट कॉम’ या नावाच्या वापरास मनाई केली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयापुढे ‘रेडिफ’ व ‘रॅडिफ’ यांचा वाद आला. रोमन लिपीत या दोन नावांत एकाच स्वराचा फरक आहे. डोमेन नाव हा नुसता पत्ता नसून व्यापारचिन्हाप्रमाणे संरक्षणास पात्र आहे, असा निर्वाळा देऊन न्यायालयाने ‘रॅडिफ’ च्या वापरास मनाई केली. वायपोकडील पहिल्या काही प्रकरणांतही मुंबईचा संबंध आहे : टाइम्स ऑफ इंडिया व इकॉनॉमिक टाइम्स या वृत्तपत्रांच्या नावांआधी इंग्रजी उपपद जोडून अमेरिकेत नोंदविलेली दोन नावे मार्च २००० मध्ये बेनेट, कोलमन आणि कंपनीला देण्यात आली.

सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निर्णय ६ मे २००४ चा आहे. सत्यम इन्फोवे या कंपनीने स्वतःच्या नावातील अक्षरे घेऊन ‘सिफी’ हा शब्द बनविला होता. प्रतिवादीने एक ‘एफ’ वाढवून तसेच नाव घेतले आणि ती आपल्या पाच प्रवर्तकांच्या नावांची आद्याक्षरे आहेत, असा खुलासा केला. न्यायालयाला तो पटला नाही. डोमेन नावांसाठी भारतात वेगळा कायदा नसला, तरी दुसऱ्याच्या लौकिकावर आपला माल वा सेवा खपविण्याविरुद्धचे जे तत्त्व व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ मध्ये मान्य आहे, ते येथे लागू होते, असे ठरले. विशेष म्हणजे निर्णय देताना न्यायालयाने वायपोच्या निवाड्यांचाही परामर्श घेतला. ‘डॉट इन’ या नावांसाठी २००५ पासून स्वतंत्र लवादधोरण आहे. त्यातील एक शब्दभेद अभ्यासकाने ध्यानात ठेवावा : आंतरराष्ट्रीय धोरणात नोंदणी ‘आणि’ वापर दोन्ही अप्रामाणिक असावे लागतात; भारतीय धोरणात ‘किंवा’ हा शब्द आहे. त्यामुळे एका संग्रहातील निवाडा दुसऱ्याला जसाच्या तसा लावता येत नाही.

संग्रहांच्या मर्यादा : निवाड्यांच्या संख्येवरून विवादांचे पूर्ण चित्र मिळत नाही. तक्रार दाखल झाल्यावर तडजोड झाली, तर क्रमांक व ‘समाप्त’ एवढीच नोंद राहते. वकिलाची नोटीस मिळताच ज्यांनी भीतीने नाव सोडून दिले, त्यांची तर कोठेच नोंद नाही. निवाडा पुढे न्यायालयात फिरला, तरी त्याचा मजकूर जसाचा तसा राहतो. ‘बार्सेलोना डॉट कॉम’ हे नाव २००० मध्ये मंडळाने त्या शहराच्या नगरपरिषदेला दिले. २००३ मध्ये अमेरिकेच्या चौथ्या मंडल-न्यायालयाने निव्वळ भौगोलिक नावावर असा हक्क पोहोचत नाही, असे म्हणून नोंदणीधारकाच्या बाजूने निर्णय दिला. वायपोने अशा न्यायालयीन निर्णयांची वेगळी निवडक यादी केली आहे. ती न पाहता मूळ निवाड्याचा आधार घेणे धोक्याचे ठरते.

काही मोठे विवाद लवादापुढे आलेच नाहीत. उझी निसान हे नॉर्थ कॅरोलायनातील व्यावसायिक. निसान हे त्यांचे आडनाव, तसेच हिब्रू पंचांगातील एका महिन्याचे नाव. १९८० पासून ते व्यवसायात हे आडनाव वापरीत आणि १९९४ मध्ये त्यांनी आपल्या संगणक-व्यवसायासाठी ‘निसान डॉट कॉम’ नोंदविले. डिसेंबर १९९९ मध्ये त्याच नावाच्या जपानी मोटारकंपनीने त्यांच्यावर दावा लावला. संकेतस्थळावर मोटारींविषयीच्या जाहिराती देण्यापुरता दोष न्यायालयाने मानला. परंतु कंपनीवर टीका करण्यास केलेली मनाई २००४ मध्ये उठविली. खटला अनेक वर्षे चालून नाव अखेर निसान यांच्याकडेच राहिले. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. लवादाच्या निर्णयसंग्रहात या प्रकरणाला स्थान नाही; मात्र म्यूलर यांनी वेगळा काढलेला अक्षरसाम्याचा गट म्हणजे काय, हे समजण्यास याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. तक्रारदारानेच दुर्हेतूने दुसऱ्याचे नाव बळकावू पाहिले, तर मंडळ तसा ठपका ठेवू शकते. परंतु त्याला दंड करण्याचा अधिकार त्यास नाही.

अलीकडच्या काळात तक्रारींची संख्या पुन्हा वाढली. २००३ मध्ये वायपोकडे १,१०० तक्रारी आल्या होत्या; २०२३ मध्ये त्या ६,१९२ झाल्या. मात्र अभ्यासकाला मिळणारी माहिती आक्रसली आहे. पूर्वी नोंदणीधारकाचे नाव व पत्ता कोणालाही पाहता येत असे. युरोपीय संघाचे वैयक्तिक माहितीविषयक नियम २५ मे २०१८ पासून लागू झाल्यावर ही माहिती झाकली गेली. प्रतिवादी कोण हे ठाऊक नसतानाही तक्रार करता येते. परंतु एकाच इसमाने विविध ठिकाणी केलेल्या नोंदणींचा माग काढून त्याच्या हेतूचे अनुमान करण्याची जुनी रीत त्यामुळे अवघड झाली.

ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतील ‘डॉट भारत’ ही नोंदणी खुली झाली. मराठी, हिंदी, कोंकणी, नेपाळी इ. आठ भाषांसाठी ती आहे. आजवरचे साधर्म्याचे निकष प्रामुख्याने रोमन अक्षरांवर बेतलेले आहेत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद, अनुस्वार व परसवर्ण यांचे विकल्प, तसेच एकच शब्द मराठीत व हिंदीत वेगळ्या अर्थाने रूढ असणे, हे प्रश्न त्यांत येत नाहीत. मराठी आडनावे रोमन लिपीत अनेक प्रकारे लिहिली जातात, हा गुंता यात भर घालणाराच आहे. देवनागरी नावांवरील निवाडे स्वतंत्रपणे वेचून त्यांची लिपीनुसार सूची करण्याचे काम या दृष्टीने निकडीचे आहे.